घामाला टिकणारी नाडीपरीक्षा

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे या गावांच्या आसपास वाहनांचे आणि सुट्या भागांचे कारखाने दाटीवाटीनं उभे आहेत. वाहनांच्या पेंट शॉपमध्ये शिरण्याआधी अंगावर वेगळा सूट चढवावा लागतो. तो पॉलिएस्टरचा असतो, अंग पूर्ण झाकतो आणि त्यातून तंतू सुटत नाहीत. कापड उजेडात धरून निरखलं, तर त्यात काही मिलिमीटरच्या अंतरानं काळसर रेघा दिसतात. ही नक्षी नव्हे, तो कार्बन भरलेला धागा असतो. चालता-वाकताना कापड घासून जी स्थिर वीज साठते, ती या धाग्यांवरून पसरून निघून जाते. त्यामुळे ओल्या रंगावर धूळ ओढली जात नाही आणि रंगाच्या वाफांजवळ ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो. इलेक्ट्रॉनिक भाग जोडणाऱ्या विभागांतही असेच डगले वापरतात.

वीज वाहणारं कापड या पट्ट्यातले कामगार असं रोज पाळीला घालतच असतात. मग त्याच कापडानं घालणाऱ्याच्या हृदयाचे ठोके, श्वास, अंगाची उष्णता का मोजू नये? जगभरच्या प्रयोगशाळा गेली तीसेक वर्षं या प्रश्नामागे आहेत. ठोके मोजणारा सदरा त्यांनी केव्हाच बनवून दाखवला. पण आठ तास अंगावर राहील, घामात भिजेल, घरच्या मोरीत धुतला जाईल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच खरं सांगेल असा सदरा बनवणं फार अवघड निघालं.

पेंट शॉपच्या सुटाला हे जमणार नाही, कारण त्याचं कामच वेगळं आहे. स्थिर वीज हळूहळू निचरून गेली तरी चालते, म्हणून त्या काळ्या धाग्यांचा विद्युतरोध लाखो ओहमच्या घरात असला तरी बिघडत नाही. हृदयाचा संकेत मात्र फार दुबळा असतो. छातीच्या कातडीवर तो जेमतेम एक मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा हजारावा भाग भरतो. तो वाटेत हरवू नये म्हणून त्याहून फार कमी रोधाचा धागा हवा, आणि कातडीशी घट्ट जवळीक हवी. भोवती गोंगाटही असतो. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते आणि तिची गुणगुण शरीर अँटेनासारखी पकडतं. कारखान्यात त्यात स्पॉट वेल्डिंगच्या हजारो अँपिअरच्या प्रवाहाची भर पडते.

हृदयाच्या विजेचा आलेख वैद्यकाला वापरता येईल इतक्या नेमकेपणानं पहिल्यांदा काढला तो नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोवन यांनी, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्यांच्या यंत्राचं काळीज होतं चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा एक अतिशय बारीक धागा. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणलेला हा धागा हृदयाच्या प्रवाहानं किंचित हलायचा आणि त्याची सावली फोटोच्या काचेवर उमटायची. यंत्राचं वजन अडीचशे किलोच्या पुढे होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. रोग्यानं दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. या कामासाठी आइंटहोवन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

मिठाच्या पाण्याचं कारण साधं आहे. शरीरात वीज वाहते ती सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांच्या आयनांमधून, तर तारेत ती इलेक्ट्रॉनांमधून वाहते. या दोन प्रवाहांची गाठ घालून द्यायला मध्ये ओला, खारट थर लागतो. पुढे भांड्यांची जागा चिकट पट्टीनं घेतली. दवाखान्यात ईसीजी काढताना छातीवर जी बटणं चिकटवतात, त्यांच्यात चांदी व सिल्व्हर क्लोराइडचा थर आणि खारट जेल असतं. त्यांचा आलेख उत्तम येतो. पण जेल सुकतं, खालची कातडी खाजते, दोन-तीन दिवसांत पुरळ उठतं. चोवीस तासांच्या तपासणीपुरतं हे सोसता येतं. महिनोन्‌महिने नजर ठेवायची असेल, तर माणूस ते उपटून टाकतो. अधूनमधून उद्भवणारी हृदयाची अनियमित लय नेमकी अशा दीर्घ नजरेशिवाय सापडत नाही.

घामाचे दोन स्वभाव

कापडाचा इलेक्ट्रोड कोरडा असतो. चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या धाग्यांचा एक चौकोन बनियनच्या आत, छातीच्या दोन बाजूंना विणलेला किंवा शिवलेला असतो. चिकटपट्टी नाही, जेल नाही. सदरा नुकताच घातला की आलेख खराब येतो, कारण कातडीचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर कोरडा असतो आणि तो विजेला अडवतो. अर्ध्या-पाऊण तासात कापडाखाली ओल धरते. घामातलं मीठ तेच काम करू लागतं, जे आइंटहोवनच्या भांड्यातलं पाणी करत होतं. म्हणून असे सदरे घालणाऱ्या खेळाडूंना सुरुवातीला इलेक्ट्रोडवर पाण्याचा हात फिरवायला सांगतात.

पण हाच घाम चांदीचा वैरी आहे. त्यातल्या क्लोराइडचा थरावर परिणाम होतो आणि हवेतल्या व कातडीवरच्या गंधकामुळे, चांदीचे पैंजण पडतात तशी ही चांदीही काळी पडते. थर झिजला की रोध वाढतो आणि आलेख पुसट होत जातो. तांबं किंवा निकेल चढवलेला धागा स्वस्त पडतो, पण तांबं हिरवं पडतं आणि निकेलची अनेकांना ॲलर्जी असते. स्टेनलेस स्टीलचे केसाहून बारीक तंतू सुताबरोबर कातले तर ते गंजत नाहीत, धुण्यालाही टिकतात. मात्र त्यांचा रोध चांदीपेक्षा जास्त असतो आणि तुटकी टोकं कातडीला बोचू शकतात. वीज वाहणारी बहुवारिकं, म्हणजे खास घडवलेली प्लॅस्टिकं, मऊ आणि लवचिक असतात. त्यांचा थर धुण्यात टिकवणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं. सगळ्या कसोट्यांना उतरणारा एकही धागा नाही. कुठल्या शरीरावर, किती वेळ आणि कुठल्या धुण्यासाठी, हे ठरवूनच धागा निवडावा लागतो.

धाग्याइतकीच विणही महत्त्वाची. ताणा आणि बाणा यांच्या काटकोनात विणलेलं शर्टिंग फारसं ताणलं जात नाही. अंगाबरोबर ताणून परत मूळ जागी येतं ते होजिअरीचं कापड, कारण त्यातला धागा फासांमधून फिरतो. इलेक्ट्रोड कातडीवरून सरकला की हृदयाच्या संकेताएवढेच मोठे खोटे संकेत उठतात. ते टाळायचे तर बनियन घट्ट हवं. फार घट्ट केलं तर छाती आवळते, घाम मुरतो, वळ उठतात, आणि जेवणाच्या सुट्टीत माणूस ते काढून ठेवतो. सैल सोडलं तर आलेखात नुसता कचरा. या क्षेत्रातला बहुतेक अभियांत्रिकी खल एवढ्याच जागेत चालतो. सुखकरपणा इथे शेवटी लावायचा साज राहत नाही. जो कपडा अंगावर टिकत नाही, त्याची नोंदही टिकत नाही, म्हणून मोजमापाचा अचूकपणाच सुखकरपणावर अवलंबून असतो.

ओलाव्याचंही तसंच. सूत नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतं. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून सुती बनियन हाताला बरं लागतं, पण भर पाळीत भिजून अंगाला चिकटतं. पॉलिएस्टर स्वतः पाणी पीत नाही. त्याचे तंतू योग्य आकाराचे असले तर घाम त्यांच्या फटींतून बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि तिथे वाळतो. इलेक्ट्रोडखाली ओल हवी आणि बाकीच्या पाठीवर ती नको, असं दुहेरी मागणं एकाच कपड्याकडे असतं. ते पुरं करण्यासाठी इलेक्ट्रोडच्या मागे ओल अडवणारा थर देतात आणि उरलेलं कापड जाळीदार ठेवतात.

जरीची गोष्ट

१९९७ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ धुता येईल असा संगणक कापडावर उभारायच्या खटपटीत होते. त्यांच्या हाती एक तयार कापड लागलं, रेशमी ऑर्गन्झा. त्याच्या एका दिशेला साधं रेशीम आणि दुसऱ्या दिशेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेला रेशमी धागा होता. भारतात असं कापड किमान शंभर वर्षं विणलं जात असल्याची नोंद त्यांनी आपल्या लेखात केली. धातूचे धागे एकमेकांपासून सुटे आणि समांतर असल्यामुळे त्या कापडाची पट्टी म्हणजे अनेक तारांची चपटी केबलच होती. आतल्या रेशमामुळे धागा मजबूत होता आणि यंत्रावर भरतकामही सोसत होता. याच मंडळींनी डेनिमच्या जाकिटावर भरतकामाचा कीपॅड काढला. त्याला बोटं लावली की सूर वाजत.

येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकराला यात ओळखीचं बरंच सापडेल. पैठणीच्या पदराची जर बव्हंशी सुरतेहून येते आणि तिची घडण हीच असते, रेशमाच्या गाभ्यावर धातूची चपटी तार. खऱ्या जरीत ती तार चांदीची असते आणि वर सोन्याचा मुलामा. स्वस्त जरीत तांबं असतं, आणि सर्वांत स्वस्त प्रकारात धातूचा थर दिलेली प्लॅस्टिकची पट्टी, जिच्यावरच्या लाखेमुळे वीज वाहत नाही. जर साडीसाठी घडवलेली असते. ती रोज पिळून धुवायची नसते, घामट पाठीला घासायची नसते. म्हणून पैठणीचा धागा उचलून बनियनमध्ये घालता येत नाही. पण मऊ गाभ्याभोवती धातू गुंडाळला तर तो न तुटता वळतो, ही युक्ती आजच्या वाहक धाग्यांतही आहे.

एमआयटीच्या प्रयोगाच्या आगेमागेच अटलांटातल्या जॉर्जिया टेक संस्थेत सुंदरेसन जयरामन आणि त्यांचे सहकारी अमेरिकी नौदलासाठी वेगळा सदरा विणत होते. १९९६ साली सुरू झालेल्या त्या कामात संपूर्ण सदऱ्यातून प्लॅस्टिकचा प्रकाशतंतू वळसे घेत फिरवला होता. गोळी लागली की तंतू तुटे, प्रकाश थांबे आणि जखम कुठे आहे ते कळे. त्याच सदऱ्यात ठोके आणि श्वास मोजणारे संवेदक जोडायची सोय होती. पुढे कॅनडाच्या अवकाश संस्थेचा ‘बायो-मॉनिटर’ हा सदरा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोहोचला आणि २०१९ साली अवकाशवीर डेव्हिड सेंट-जाक यांनी तो तिथे वापरला. नाडी, श्वास, कातडीचं तापमान, हालचाल हे सगळं तो नोंदतो. त्याची रचना अवकाशवीराच्या नेहमीच्या कामात अडथळा येऊ नये अशी केलेली आहे.

गादीखाली, मोज्यात, आसनाखाली

सदऱ्याची एवढी कटकट असेल तर कपड्याचा नाद सोडावा, असं काहींनी ठरवलं. आयआयटी मुंबईत शिकलेले मुदित दंडवते आणि त्यांचे सहकारी गौरव पारचानी यांनी २०१५ साली बेंगळुरूत सुरू केलेल्या कंपनीचं ‘डोझी’ हे उपकरण गादीखाली ठेवायची एक पातळ पट्टी आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला शरीर किंचित हादरतं. तो हादरा आणि श्वासाची हालचाल गादीतून पट्टीपर्यंत पोहोचते. रोग्याच्या अंगाला काहीच लागत नाही. कोविडच्या काळात भारतातल्या अनेक रुग्णालयांनी ही पट्टी खाटांना लावली. तिची मर्यादा उघड आहे. माणूस पडून असेल तरच ती चालते. लाइनवर उभ्या असलेल्या कामगाराला तिचा उपयोग नाही.

मोज्याचा मार्ग आणखी वेगळा. मधुमेहात पायाच्या नसा बधिर झाल्या की जखम होत असल्याचं कळत नाही. व्रण पडण्याआधी त्या जागी दाह होतो आणि कातडी तापते. दोन्ही पावलांच्या एकाच जागेच्या तापमानात सुमारे २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक टिकून राहिला, तर तो धोक्याचा इशारा मानतात. मोज्याच्या कापडात बारीक तापमान-संवेदक विणून हा फरक रोज पाहता येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. सेफ्टी शूज घालून दिवसभर काँक्रीटवर उभं राहणाऱ्यांसाठी हा मोजा सदऱ्याहून तातडीचा ठरू शकतो.

आणि चाकण पट्ट्याच्या अगदी परिचयाचा नातेवाईक आहे गाडीच्या आसनात. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना चालक आणि शेजारचा प्रवासी या दोघांसाठी सीटबेल्टची आठवण देणारी सूचना सक्तीची झाली. शेजारी कुणी बसलं आहे की नाही हे कळण्यासाठी अनेक गाड्यांत आसनाच्या फोम आणि कापडाच्या मध्ये एक पातळ, दाबाला ओळखणारी चटई असते. तिच्यापुढचे प्रश्न आरोग्य-सदऱ्याचेच आहेत: बसणाऱ्याला ती टोचता कामा नये, लाखो वेळा दाबली तरी तुटता कामा नये, सांडलेल्या पाण्यानं फसता कामा नये. सीट जोडणाऱ्या कारखान्यांकडे मऊ वस्तूत वायरिंग बसवण्याचं हे ज्ञान आधीपासून आहे. वाहनांची मानकं तयार करण्यात पुण्याच्या एआरएआय या संस्थेचा मोठा वाटा असतो आणि तिचं एक केंद्र चाकणलाही आहे.

टिचबटणाशी होणारी भांडणं

असे सदरे फाटतात कुठे? धागा मधोमध क्वचितच तुटतो. मऊ धागा जिथे कडक डबीला भेटतो, तिथे तो तुटतो. बॅटरी, संगणकी चिप, ब्लूटूथ हे सगळं कडक आणि पाण्याला भिणारं असतं. म्हणून ते एका छोट्या डबीत घालून धातूच्या टिचबटणांनी सदऱ्याला अडकवतात आणि धुताना काढून घेतात. दर वेळी डबी ओढताना बटणाच्या कडेचा धागा वाकतो, चुरतो. त्यावर उपाय म्हणून त्या जागी धागा नागमोडी शिवतात आणि मागे रबरी थर देतात, म्हणजे ताण एका बिंदूवर न येता पसरतो.

मग धुणं. परदेशी कंपनीच्या सूचनेत थंड पाणी, सौम्य साबण, जाळीची पिशवी, सावलीत वाळवणं असं लिहिलेलं असतं. ग्रीस लागलेला गणवेश आपल्याकडे कसा धुतला जातो? गरम पाण्यात पावडरमध्ये भिजवून, ब्रशनं घासून, पिळा देऊन आणि उन्हात टाकून. इलेक्ट्रॉनिक कापड किती धुलाया सोसतं हे मोजायच्या पद्धती ठरवायला आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रोटेक्निकल कमिशननं अंगावर घालायच्या उपकरणांसाठी वेगळी समितीच नेमली आहे. पण त्या चाचण्या यंत्रातल्या धुलाईच्या आहेत, ब्रशच्या नव्हेत. या पट्ट्यासाठी सदरा घडवणाऱ्यानं पहिली चाचणी धुण्याच्या दगडावर घेतलेली बरी.

महाराष्ट्रात हे काम करू शकणाऱ्यांची कमतरता नाही, मात्र ते विखुरलेले आहेत. सोलापुरात गणवेश शिवण्याचा मोठा उद्योग आहे. इचलकरंजीत यंत्रमाग आहेत आणि डीकेटीई ही वस्त्र-अभियांत्रिकी शिकवणारी संस्थाही. केंद्र सरकारनं तांत्रिक वस्त्रांसाठी नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत डीकेटीईकडे न विणलेली कापडं आली, घाटकोपरच्या बीटीआरएकडे जमिनीत वापरायची, वरळीच्या सस्मिराकडे शेतीची आणि ठाण्याच्या लोकर संशोधन संस्थेकडे खेळाची. वैद्यकीय वस्त्रांचं केंद्र कोईमतूरला आहे. सरकारी वर्गवारीत तांत्रिक वस्त्रांचे बारा प्रकार मानतात. आरोग्य मोजणारा कामगाराचा सदरा त्यांतल्या तीन प्रकारांत तरी एकाच वेळी बसतो: वैद्यकीय, संरक्षक आणि खेळाचा. २०२० साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र मोहिमेसाठी १,४८० कोटी रुपये ठरवले गेले. तिच्यातून कुणी असा सदरा घडवायला घेतला, तर त्याला कोईमतूर, ठाणे, सोलापूर आणि पाषाणच्या इलेक्ट्रॉनिक साहित्य संशोधन केंद्र ‘सी-मेट’ या सगळ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

इशारा आधी कुणाला?

कारखान्यात अशा सदऱ्याचा सर्वांत सरळ उपयोग उष्णतेपासून बचावाचा आहे. सतत जड काम करणाऱ्याच्या शरीराचं आतलं तापमान ३८ अंशांच्या पुढे जाऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं १९६९ सालीच केली होती. ओव्हनजवळ, फाउंड्रीत किंवा पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात ही मर्यादा दूर नसते. कातडीवरून आतलं तापमान थेट कळत नाही, पण ठोक्यांचा चढता आलेख, श्वास आणि कातडीची उष्णता एकत्र पाहिली तर माणूस थकव्याच्या कडेला आल्याचा अंदाज बांधता येतो. मनगटी घड्याळाला ठोके मोजता येतात; परंतु तयार बॉडीवर चरा पडू नये म्हणून अनेक असेंब्ली शॉपमध्ये घड्याळ, अंगठी, धातूचं बक्कल चालत नाही. तिथे कापड उपयोगी पडतं.

कायद्याच्या दोन गोष्टी इथे आडव्या येतात. १ एप्रिल २०२० पासून रोगाचं निदान किंवा देखरेख करण्यासाठी विकलं जाणारं उपकरण, त्यातलं सॉफ्टवेअर धरून, औषधांच्या कायद्याखाली येतं. त्यामुळे सदऱ्याला ‘हृदयविकार ओळखतो’ म्हणून विकायचं असेल तर परवाना आणि पुरावा लागतो. ‘ठोके दाखवतो, तंदुरुस्ती राखा’ एवढंच म्हणणाऱ्याला तितकं बंधन पडत नाही. दुसरी गोष्ट, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीशी संबंधित कारणांसाठी संमतीविना माहिती वापरण्याची वाट मालकाला ठेवलेली आहे. कंत्राटी कामगारानं सदरा नाकारला तर त्याचं कंत्राट पुढे चालू राहील का, हे त्या कलमातून ठरत नाही.

यावर तांत्रिक तोडगा आहे आणि तो महागही नाही. ईसीजीचा पूर्ण आलेख डबीच्या बाहेर जाऊच द्यायचा नाही. गणित डबीतच व्हावं, तिनं आधी थरथरून घालणाऱ्यालाच ‘पाणी पी, सावलीत बस’ असं सांगावं, आणि सुपरवायझरच्या पडद्यावर फक्त त्या विभागात किती जणांना विश्रांतीची गरज आहे एवढा आकडा यावा. तसं केलं नाही तर पाळी सुटल्यावर सदरा कामगाराबरोबर धुवायला घरी जाईल, आणि डबी, तिच्यातल्या आठ तासांच्या ठोक्यांसकट, कंपनीच्या चार्जरवर राहील.